नलूचा मासा

३ फेब्रुवारी १९५७, रविवार

आलो एकदाचे! लालबागच्या चाळीतलं आमचं बिऱ्हाड एका हातगाडीत मावलं आणि वर हातगाडीवाल्याने नलूलाही पाट्या-वरवंट्याशेजारी बसवून घेतलं. आता मुक्काम दादर, पोर्तुगीज चर्चच्या मागची गल्ली, अण्णा विजयकरांचा बंगला. अर्थात बंगला अण्णांचा. आमच्या वाट्याला मागच्या दोन खोल्या. भाडं नाही, त्याऐवजी मी परसातल्या तळ्यातल्या माशांची देखभाल करायची. शाळेत सायन्स शिकवणाऱ्या मास्तराला आणखी काय हवं? आंधळा मागतो एक डोळा, तसं झालं.

नलू सामान सोडून थेट तळ्याकडे धावली. तिने पाण्यात बोट धरलं, तर एक भला मोठा केशरी मासा ते चोखायला लागला आणि पोरगी खदखदून हसली. तिची आई मृणालिनी गेल्यापासून, म्हणजे दिवाळीपासून, नलू हसली नव्हती. सहा वर्षांचं लेकरू आणि हसणं विसरलं होतं. मी खोलीत येऊन दार लोटलं आणि जरा रडून घेतलं.

६ फेब्रुवारी

हे मासे जपानी, त्यांना कोई म्हणतात. अण्णांचे वडील कापसाच्या पेढीतर्फे कोबे बंदरात होते, त्यांनी पहिली जोडी आणली. आताचे बहुतेक तिचीच प्रजा. तळं पुरुषभर खोल आहे, वर बदामाची सावली. सध्या बदाम लाल होऊन झडतोय, ती पानं रोज काढावी लागतात, नाहीतर पाणी चहासारखं होतं. नळाचं पाणी आधी पिंपात दिवसभर उघडं ठेवायचं, मग तळ्यात सोडायचं. खायला कणकेच्या गोळ्या, उकडलेले मटार आणि वरळी कोळीवाड्याची जाईबाई आणून देते तो जवळा. मास्तरांच्या घरी आमटी-भात आणि माशांची मेजवानी!

अण्णा कमी बोलतात, पण मासे म्हटले की खुलतात. त्यांच्या पत्नी रमाबाई मायाळू आहेत, नलूची वेणी तर त्याच घालतात. फक्त तळ्याकडे कधी येत नाहीत. व्हरांड्यात बसल्या तरी पाठ तळ्याकडे. एकुलता एक मुलगा मनमोहन गेल्या वर्षी जानेवारीत गिरगावात गोळीबारात गेला. दिवाणखान्यातल्या त्याच्या फोटोला समितीचे लोक येऊन हार घालतात. निवडणूक तोंडावर आली आहे, गल्लीत दिवसभर घोषणा चालू असतात.

१० फेब्रुवारी

अण्णांचा पुतण्या बोटीवर इंजिनियर आहे. त्याने जपानहून कोईची पिल्लं आणली. त्यातली चांगली निवडायची होती. अण्णांनी मला शेजारी बसवून शिकवलं. "मास्तर, मासा वरून बघायचा. बाजूने काय, कोणीही छान दिसतं." पाठ सरळ हवी. पांढरा रंग ताज्या भातासारखा, पिवळट नको. लाल ठिपक्याची कड स्वच्छ हवी. आणि मुख्य म्हणजे मासा चारचौघांत मिसळणारा हवा. जो कोपऱ्यात एकटा राहतो, भिंतीला अंग घासतो, तो आजारी समजावा.

एक पिल्लू नेमकं तसंच होतं. अर्धं केशरी, अर्धं पांढरं, कोपऱ्यात तोंड खाली करून. मी ते बाजूला काढत होतो, तर नलूने माझा हात धरला. तिला तेच हवं होतं. मी सगळे दोष समजावले. ती म्हणाली, "बाबा, ते एकटं आहे म्हणूनच." मी सायन्स गुंडाळलं. ठेवून घेतलं.

१२ फेब्रुवारी

नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवायचा, हा पहिला नियम. त्याचा रोग तळ्यात जाऊ नये म्हणून. हे मला पाठ आहे, वर्गात तर मी यावर भाषण दिलं असतं. पण नलू दोन दिवस टबापाशी बसून आहे. आईशिवाय त्याला झोप कशी येईल, असं विचारते. आज जेवलीच नाही. मी अण्णांना न सांगता पिल्लू तळ्यात सोडलं. मोठ्या माशांनी त्याला मध्ये घेतलं. नलू दोन वाट्या भात जेवली. होईल काय व्हायचं ते.

१५ फेब्रुवारी

आज दुपारी तळ्याकाठी बारसं झालं! नलूने माझ्या रुमालाचा पाळणा केला, पाण्याला तोंड लावून कुर्रर्र केलं आणि पिल्लाचं नाव ठेवलं नलू. मी म्हटलं, अगं, ते तुझं नाव! तर म्हणाली, "मग काय झालं? आपल्याकडे दुसरं नव्हतं."

मी हसत होतो, इतक्यात मागे रमाबाई. त्या तळ्याकडे आलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. चेहरा पांढराफटक. "काय केलंस गो हे?" एवढंच म्हणाल्या आणि नलूला उराशी धरून आत घेऊन गेल्या.

१७ फेब्रुवारी

रमाबाईंनी आज सांगितलं. या घरात मुलाचं बारसं झालं की आत्या पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगायची आणि मग तळ्यावर येऊन तेच नाव एका माशाला सांगायची. सासऱ्यांनी हौसेने पाडलेली रीत. मनमोहनचाही मासा होता. गेल्या वर्षी जानेवारीत शहर पेटलेलं, बाहेर जाता येईना, म्हणून अण्णांनी तळं उपसून साफ करायला घेतलं. मासे टबांत काढले. एक टब उन्हात राहून गेला. दुपारी मनमोहनचा मासा उलटा तरंगला. त्याच दुपारी तिकडे मनमोहन पडला.

लोक त्याला हुतात्मा म्हणतात. अण्णा त्या फोटोकडे बघत नाहीत. आपला मुलगा टबात गेला, असं ते म्हणतात.

फार वाईट वाटलं. दुःखाने माणूस असं काहीतरी जोडत बसतो. मीही मृणालिनीच्या तापाची कारणं शोधत बसलो होतोच. पण कावळा बसायला आणि फांदी मोडायला, यापलीकडे यात काही नाही.

२१ फेब्रुवारी

पिल्लू खात नाही. कल्ले मिटून पृष्ठभागावर येतं, तोंड उघडतं, मिटतं. डाव्या अंगाला खवले उचलले आहेत, खाली लाल व्रण. नवा मासा वेगळा न ठेवल्याचं फळ. टबात काढून मिठाच्या पाण्यात ठेवलं. अण्णांना सगळं कबूल केलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, नलू कशी आहे?

नलूला सकाळपासून ताप आहे.

२३ फेब्रुवारी

नलूच्या डाव्या कुशीत गळू. डॉक्टर म्हणाले, उष्णतेचं आहे, पोटीस बांधा. मीही तेच मानतो. मुलांना गळवं होतात. मिठाच्या पाण्याने मासा जरा सावरला. नलूनेही पेज घेतली. कावळा आणि फांदी.

२५ फेब्रुवारी

व्रणाला टिंक्चर आयोडिन लावायचं ठरवलं. त्यासाठी मासा पाण्याबाहेर काढावा लागतो. ओल्या फडक्यात धरला, कापूस बुडवला, तोच आतून रमाबाईंची किंकाळी. पोरीचा श्वास अडकलाय, मास्तर! माझ्या हातातून मासा सुटून टबात पडला. आत धावलो. नलू आचके देत श्वास घेत होती. ओठ निळे.

तिने विचारलं, बाबा, तुम्ही मला घट्ट का धरलं होतं?

मी खोलीत नव्हतो.

२७ फेब्रुवारी

आता टबापासून हलत नाही. शाळेत कळवलं. टबावर जाळी बांधली, पिंपात मुरलेलंच पाणी, तेही थोडं थोडं. अण्णा माझ्याबरोबर बसतात. टबावर छत्री धरून बसतात. ऊन येऊ देत नाहीत.

व्रण वाढतोय. गळूही.

१ मार्च

मूल जगत नसलं की आपल्याकडे नाव धोंडू, दगडू ठेवतात. रमाबाईंनी माशाला धोंडी म्हणून पाहिलं. कुर्रर्र केलं, सगळं केलं. ताप तसाच. जे नाव कोणाचंच नाही ते त्याला चिकटत नाही. त्याला माणूस लागतो.

२ मार्च

मासा कुशीवर. मी बोटाने सरळ धरतो. सोडला की पुन्हा—

नलू आईला हाका मारते. आईने ये म्हटलं, असं सांगते. नाही. मृणालिनी, हे तू करू नकोस. एवढी एकच ठेव तू मला—

बाहेर गुलाल, ढोल. आमचा उमेदवार निवडून येणार म्हणे. जरा हळू वाजवा रे. माझी पोरगी—

३ मार्च, सकाळ

रमाबाईंना म्हटलं, मला आत्या नाही, तुम्ही माझी आत्या व्हा, माझं नाव माशाला सांगा. त्या नाही म्हणाल्या. पाया पडलो. अण्णा उठून उभे राहिले. मी म्हातारा आहे, माझं नाव सांगा, म्हणाले. मी ऐकलं नाही. मासा मी तळ्यात सोडला होता, अण्णांनी नाही.

रमाबाईंनी रडत रडत पाण्याला तोंड लावलं. चिंतामणी, म्हणाल्या. कुर्रर्र.

माझं नाव पाण्यात ऐकू आलं. वरून नाही. खालून.

दुपार

नलूचा ताप उतरला! घाम आला. मऊ भात मागते. गळू फुटून वाहून गेलं. देवा. देवा रे.

माझ्या डाव्या कुशीत ठणका. असू दे.

४ मार्च

बसवत नाही. दम पुरत नाही. हवा येते, पण ती माझ्या कामाची—

रमाबाईंना सांगितलं, नलू तुमची. शाळा सोडवू नका. अंधाराला भिते, दिवा—

अण्णा टबाशी. छत्री धरून. थकले आहेत.

५ मार्च

खाटेवरून खिडकी दिसते. नलू चालते आहे. फ्रॉक घातलाय. वेणी छान—

टबापाशी बसली. वाकून बघते. अर्धा केशरी, अर्धा पांढरा. हसते आहे. किती गोड—

बाबा, म्हणते आहे. पाण्याला. बाबा, जेवलात का?

नलू, मी इकडे. खाटेवर. वर बघ. तोंड उघडतो, आवाज— फक्त उघडतं, मिटतं—

तिने बोट पाण्यात धरलंय. माझ्या ओठांना—