बाप्तिस्म्याचे मासे

गुरुवार, ४ डिसेंबर
कामीलचा फोन. भाची आहे, पण पोटच्या पोरीसारखी. म्हणाली, मामा, रविवारी अकराला बाप्तिस्मा, बाळाचा धर्मपिता तू, आणि तू निघालास मासे मारायला? तिला समजावलं. साठ माणसं जेवायला येणार, त्यांना काय फ्रीझरचा मासा घालायचा? मी जिवंत असताना? दलदलीतला ताजा ट्राउट आणतो, रविवारी दहाला चर्चच्या पायरीवर हजर. बाळाचं मधलं नाव ओविड ठेवतायत. माझं. नावाला शोभेल असं काही करायला नको? ती म्हणाली, मासे नकोत, तू ये. पोरीला अजून व्यवहार कळत नाही.

चुलतभाऊ क्लोव्हिस ऐनवेळी कटला. गुडघा दुखतोय, म्हणजे उत्तरेचा वारा येणार म्हणे. गुडघा आहे की वेधशाळा? त्याच्या वाटणीची बिअर मी घेतली.

शुक्रवार, संध्याकाळ
पोचलो. दलदलीत खांबांवर उभी लाकडी खोली. रस्ता नाही, बोट हाच रस्ता. बरोबर दोघे. ओडेल बँकेत मॅनेजर, घोरतो. मर्फी रिटायर्ड बँडमास्तर, हार्मोनिका घेऊन आलाय. कुणी सांगितलं होतं? गाइड कोडी, सव्वीस वर्षांचा कॅप्टन, उठसूट स्वतःचा व्हिडिओ काढतो. मला म्हणाला, काका, उद्या बोट भरून मासे. माणूस पारखण्यात मी चुकत नाही.

निश्चय: बिअर दुपारनंतरच. मर्फीशी वाद नाही. ओडेलला गळ टाकायला शिकवायचं.

शनिवार, सकाळ
थंडी फार. बिअर औषध म्हणून. ओडेलला पाच ट्राउट, मर्फीला तीन. माझे सगळे कायद्याच्या मापापेक्षा लहान, पाण्यात परत सोडावे लागले. ओडेल म्हणाला, ओविड, मनगट सैल सोड. मला!

शनिवार, दुपारी ४
एक! मापाचा! माझा!

वारा फिरलाय. कोडी म्हणतो, आत्ताच निघू या, उत्तरेचा वारा पाणी समुद्रात ढकलतो, मग बोट चिखलात बसते. ओडेल आणि मर्फीनं तर बॅगा भरल्या. मी म्हटलं, साठ माणसांपुढे नऊ मासे घेऊन जाऊ? पहाटे दोन तास गळ टाकू, नवाला घरी. कोडी जरा घुटमळला. मग म्हणाला, बरं, माझाही व्हिडिओ राहिलाय. ठरलं. ओसरीच्या कोपऱ्यात क्लोव्हिसचा फोन लागला, म्हणाला, ओविड, निघ रे बाबा. मी म्हटलं, गुडघ्याला नमस्कार सांग.

रविवार, सकाळी ६
पाणी नाही. काल बोट तरंगत होती तिथे नुसता चिखल, त्यात बोट कलंडलेली. कोडी म्हणतो, वारा पडला तर उद्या कदाचित. गाइडनं 'कदाचित' म्हणू नये.

८ वाजता
पलीकडची पक्की जमीन इथून दिसते. चालत जायचं ठरवलं. दहा पावलांत कंबरेपर्यंत आत. ना पुढे, ना मागे. ओडेल आणि मर्फीनं दार काढून चिखलावर टाकलं आणि त्यावर पालथं पडून मला ओढलं. एक बूट तिथेच राहिला. कोडीचा व्हिडिओ झाला. नोंद: चिखल अपेक्षेपेक्षा मऊ.

साडेनऊ
फोनला रेंज फक्त ओसरीच्या कोपऱ्यात, बर्फाच्या पेटीवर उभं राहिलं तर. कामीलला सांगितलं, निघालोच. हे खोटं नाही, मनानं मी कधीच निघालो होतो. ती म्हणाली, मामा, मागे हार्मोनिका ऐकू येतेय. मग खरं सांगितलं. म्हणाली, बरं, क्लोव्हिसमामाला उभं करते. मर्फीशी वाद झाला.

अकरा
नियम मला पाठ आहे. धर्मपिता अडकला तर बदली माणूस नुसता उभा राहतो, धर्मपिता मूळचाच राहतो. म्हणजे क्लोव्हिस फक्त खुंटी. उभं राहायला गुडघा चालतो वाटतं.

चर्चसाठी आणलेला टाय स्वेटरवरच बांधला आणि ओसरीवर उभा राहिलो. का, माहीत नाही. फादर जिथे विचारतात तिथे आपणच 'होय' म्हटलं. ओडेलनं टोपी काढली. मर्फीनंही. मेले हसले असते तर बरं झालं असतं.

दुपारी ३
पाव संपला. बाप्तिस्म्याचे मासे तळले. आठच. माझा मी बर्फातून काढू दिला नाही. तो बाळाचा.

सोमवार, ८ डिसेंबर
दुपारी पाणी आलं. एका बुटावर थेट कामीलकडे. बाळ झोपलेलं. तिनं कॉफी दिली. मी तिला बदली माणसाचा नियम समजावून सांगितला. म्हणाली, मामा, फादरनीही तेच विचारलं, हा बदली आहे का? मी त्यांना 'नाही' म्हटलं. मला तुझ्या जागी कुणी नको होतं, तू हवा होतास. मग जो आला, तोच धर्मपिता.

बाळाचं नाव जूलियन क्लोव्हिस.

रागावली नव्हती. रागावली असती तर मला काहीतरी बोलता आलं असतं. जेवणाचं विचारलं. फ्रीझरचा मासा होता, लोकांनी मागून मागून खाल्ला. मी माझा ट्राउट पुढे केला. म्हणाली, तूच ने मामा, आमच्याकडे खूप उरलंय.

मंगळवार
ट्राउट तळला. अजून तसा ताजाच होता. एका माणसाला बरोबर पुरला.