दोन सावल्या

बाई, परवा दवाखान्यात मी तुमचाच प्रश्न डॉक्टरांना विचारला. माझ्या छातीच्या एक्स-रेवर बोट ठेवून ते म्हणाले, "काका, इथे एक शॅडो दिसतेय." शेजारी बसलेल्या माझ्या मुलाच्या हातातून फाईलच पडली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं कोळशाच्या धुळीत काढलेली ही छाती, त्याच्या मनात काय आलं ते मला कळलं. पण माझ्या तोंडून निघालं ते आठवीतलं, "कुणाची?" डॉक्टर हसले. "तेच तर शोधायचंय. उद्या स्कॅन करू."

रिपोर्ट येईपर्यंत मुलगा त्याच फाईलची पानं उलटत होता. मी मात्र मनाने पंचवटीतल्या आपल्या शाळेत होतो. ताप-खोकल्याने दीड महिना अंथरुणात काढून मी परत आलोय, आणि तुम्ही मला कवायतीतून सोडवून मैदानाकडेच्या लिंबाखाली बसवलंय. मांडीवर माझी इंग्रजीची वही. मी लिहिलंय, 'आय सिट इन द शॅडो ऑफ द ट्री.' तुम्ही चष्म्यावरून बघता. "कवीमहाराज, इथे बसून गार वाटतंय ना? ही शेड. आणि आता हे बघ." तुम्ही उठून उन्हात उभ्या राहता. धुळीत तुमचा आकार पडतो, अगदी अंबाड्यासकट. "ही शॅडो. हिला आकार असतो, हिचा कुणीतरी धनी असतो. शॅडो म्हटलं की आधी विचारायचं, कुणाची? शेडला काही विचारायचं नाही, मुकाट बसायचं." मी म्हणतो, "पण बाई, मराठीत दोन्ही सावलीच की!" "म्हणून तर मराठीत तुला कविता सुचतात आणि इंग्रजीत मार्क जातात." मग वही मिटून तुम्ही एखादी कविता म्हणायच्या, तास संपेपर्यंत. नंतर मी रोजच तिथे बसू लागलो.

काल स्कॅनचा रिपोर्ट आला. "काका, जुना व्रण आहे, केव्हाच भरून आलेला. लहानपणी छातीचं मोठं दुखणं झालं होतं का?" मुलगा हसतोय की रडतोय, त्याचं त्यालाच कळेना. येताना त्याने रिक्षा थांबवून मला उसाचा रस पाजला आणि बर्फावरून नेहमीसारखा रागावलाही नाही. मी ग्लास हातात धरून बसलो होतो. धनी सापडला होता, बाई. तुम्ही ज्याला शेडमध्ये बसवलंत, त्याच पोराची ही शॅडो.

तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली. हे पत्र वहीतच राहील, म्हणून सांगून टाकतो. माझा खोकला दिवाळीच्या सुट्टीतच गेला होता. त्यानंतर मार्चपर्यंत लिंबाखाली तुम्ही जो ऐकलात, तो सगळा मी मुद्दाम काढलेला.