खिळ्यावरचा फोटो

नालवाडी, वर्धा
१८ जानेवारी २०२४

तीर्थस्वरूप जाऊबाईंना,
धाकट्या उज्वलाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

संक्रांतीला रोहण्याहून परतताना तुमच्या तिळाच्या लाडवांचा डबा मांडीवर होता. वर्धा येईपर्यंत तो निम्मा झाला. ह्यांना सांगितलं की जाऊबाईंनी यंदा हात आखडता घेतला. तेव्हा पुढच्या भेटीत ह्यांनी काही टोमणा मारला तर मला सांभाळून घ्या.

ही केमोची औषधं सुरू झाल्यापासून तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, याचं वाईट वाटतं. पण त्या निमित्ताने पत्रं सुरू झाली, हे मनापासून आवडतं. आमच्या कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात रविवारी दुपारी घरी पत्र लिहिल्याशिवाय सिस्टर चहा देत नसत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी तो रविवार परत आल्यासारखा वाटतो.

तुमचा फोटो अगदी मनासारखा आला आहे. हिरवं पातळ, नथ, कानापर्यंत ओढलेला पदर. केस गेल्याचं कुणालाही कळणार नाही. भिंतीवर लागायचा फोटो माणसाने जिवंतपणी स्वतःच्या पसंतीने काढून घ्यावा, नाहीतर मागे राहिलेले लोक आधार कार्डावरचाच मोठा करून लावतात, असं तुम्ही म्हणालात, तेव्हा मी हसले आणि कॅमेऱ्याच्या मागे डोळे पुसले. लवकरच मोठा करून पाठवते. आजाराचं म्हणाल तर तुमच्या आचलचं लग्न होईपर्यंत माझ्या तोंडाला कुलूप. देवळीच्या बाबारावांकडे कापडाचं दुकान, एवढं चांगलं स्थळ, उगाच कुणाच्या मनात शंका यायला नको.

आमच्या लेकाने, नयनने, पुण्याहून कॅमेरा पाठवला तेव्हाच त्याने मला 'उजेड-सावली' नावाच्या ग्रुपमध्ये घातलं. हजारो माणसं आहेत, पुण्याची, मुंबईची, पार अमेरिकेतली. आपण फोटो टाकायचा आणि त्यांनी मत द्यायचं. मी दारातल्या जास्वंदीचा टाकला. एकाने लिहिलं, असं फूल प्रत्येक औषधाच्या दुकानाच्या कॅलेंडरवर असतं. ग्रुपचे मुख्य मुकेशसर म्हणून आहेत. त्यांनी लिहिलं, आजी, कॅमेरा नातवाला द्या. मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग दुसरा फोटो टाकला.

भावजींना नमस्कार, धीरज-आचल दोघा मुलांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची
उज्वला


रोहणा
२९ जानेवारी

सौ. उज्वलाले मंदाचा आशीर्वाद.

तुह्यं पत्र मिळालं. मी बोलते तसंच लिहिते, तुह्यासारखं मले जमत नाई.

ह्यायनं समोरच्या खोलीत माह्या फोटोसाठी खिळा ठोकून ठेवला. मी म्हटलं, येवढी घाई काहाची झाली तुमाले. तर म्हणते, दिवाळीले चुना मारला, भिंत आता पक्की आहे, मंग ठोकला त पोपडा निघन. चाळीस वर्सं ह्या माणसासंग काढले, त्याले पोपड्याची काळजी. मी लय हासली. आता येता-जाता त्या खिळ्याकडं नजर जाते. फोटो लवकर धाडजो. काच धाडू नको, फुटन. काच आर्वीले बसवू.

ते ग्रुपातले लोक तुले आजी म्हणते, कॅमेरा देऊन टाक म्हणते, आन् तू परत तिथंच काऊन जाऊन राह्यली? आमचे वांगे बाजारात गिऱ्हाइक नासके म्हणते, पण ते निदान हातात पिसवी घेऊन आलेलं असते. ह्या लोकाईले तुह्यापासून काय पाह्यजे?

आचलचं मे महिन्यातलं धरून राह्यले. देवळीच्या बाया मागच्या सोमवारी येऊन गेल्या. मी जेवतानाही पदर सोडला नाई. बाबारावची बायको म्हणे, तुमच्या घरी लय मर्यादा आहे.

मंदा


नालवाडी
२५ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप जाऊबाईंना नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नका. महिना कसा गेला कळलंच नाही.

मुकेशसरांनी मागे एकदा सविस्तर लिहिलं होतं की आजी, तुमचे सगळे फोटो गोड आहेत, एकही दुखत नाही. ते वाक्य माझ्या मनातून जाईना. शाळेत माझ्या चित्राच्या वहीवर सिस्टर नेहमी 'नीटनेटके' असा शेरा द्यायच्या, आणि शेजारच्या मुलीची वही मात्र वर्गभर फिरवायच्या, त्याची आठवण झाली. मग तुमच्याकडचे सगळे फोटो पुन्हा उघडून बसले. तुम्ही उठताना पदर घसरला आणि खिडकीतलं ऊन सरळ डोक्यावर पडलं, तेव्हाचा एक होता. तुम्ही चिडून माझ्याकडे पाहताय. रंग काढून तो काळा-पांढरा केला आणि टाकला. नाव-गाव काही लिहिलं नाही. तिकडच्या लोकांना रोहणा कुठे आहे हे कुठलं ठाऊक! आपल्या माणसांपैकी तिथे कुणीही नाही.

जाऊबाई, मी काय सांगू! मुकेशसरांनी स्वतः लिहिलं की हा आठवड्याचा फोटो. आजी म्हणाले नाहीत, उज्वलाताई म्हणाले. शेकडो लोकांनी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा माझी वही वर्गभर फिरली.

पदराचा तुमचा फोटो राहिलाच आहे. पाठवते, नक्की.

तुमची
उज्वला


रोहणा
१४ मार्च

उज्वला,

मंगळवारी दुपारी घरी कोणी नवतं. गरम होऊन राह्यलं म्हणून मी डोक्यावरचा पदर काढून चुलीपाशी वांगे भाजत बसली होती. मले ऐकू येत नाई हे तुले माईत आहे. आंगणात गाडी आली, चार बाया उतरल्या, गळा काढून रडून राह्यल्या, मले पत्ताच नाई. धुपट झालं म्हणून भाजलेलं वांगं हातात घेऊन बाहीर आली, त समोर देवळीची सगळी मंडळी. बाबारावच्या हातात चंदनाचा हार. त्याच्या बायकोनं मले पाह्यलं, माह्या डोक्याकडं पाह्यलं, आन् आणखीन मोठ्यानं गळा काढला. एक त ओट्यावरच बसली. मी जित्ती आहे हे समजल्यावर बाबारावनं हार पाठीमागं लपवला. मंग लाजून ओट्यावर ठेवला आन् गाडीत जाऊन बसला. पाणी नाई घेतलं कोणी.

संध्याकाळी धीरजनं फोन माह्या हातात देल्ला. तुह्या ग्रुपातून तो फोटो कोणीतरी उचलला आन् आर्वीच्या ग्रुपात टाकला. बाईचा काळा-पांढरा फोटो, खाली हात जोडलेले. आपल्या इकडं असा फोटो माणूस गेल्यावरच टाकतेत, हे तुले सांगा लागते? खताच्या दुकानातल्या प्रेमदासनं मले वळखलं आन् नावानिशी भावपूर्ण श्रद्धांजली लिहिली. मंग सगळ्या तालुक्यानं लिहिली. माह्या सख्ख्या भावानं पण लिहिली, घरी फोन नाई लावला.

तुह्या लोकायनं खाली काय काय लिहिलं तेही वाचलं. एक म्हणते, टक्कल मस्त उजळलं. एक म्हणते, समोरचे दात नसते त आणखीन जमलं असतं. तू त्याले धन्यवाद लिहिलं.

काल सोयरिकीच्या मधातली शकुंतलाबाई निरोप घेऊन आली. आईले असं आहे त उद्या पोरीलेही निघू शकते म्हणे, आमी शब्द वापस घेतला. आचल न्हाऊन आली का फणीत किती केसं आले ते पाह्यत बसते.

पदराचा माहा फोटो कुठी आहे?

मंदा


नालवाडी
२० मार्च

जाऊबाई,

कोणत्या तोंडाने नमस्कार लिहू? तुमचं पत्र वाचल्यापासून घास घशाखाली उतरत नाही. ह्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं आहे. देवाशपथ सांगते, माझ्या मनात पाप नव्हतं. मी तर फोटो प्रेमाने काढला होता, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

पदराच्या फोटोबद्दल विचारलंत. खरं लिहिते. मुकेशसर सगळ्यांना शिकवतात की शंभर काढा, एक ठेवा, बाकीचे निर्दयपणे पुसून टाका, तरच नजर तयार होते. मी तसंच केलं. तो एक सोडून बाकीचे त्याच दिवशी पुसले. जपून ठेवायला हवा होता हे तेव्हा सुचलंच नाही. मी पुन्हा येऊन काढते. चेहरा थोडा उतरला असला तरी उजेड बघून काढलं की भरल्यासारखा दिसतो.

तो फोटो ग्रुपवरून काढून टाकावा म्हणून मी मुकेशसरांना कळवलं. ते म्हणाले, वर्षाच्या निवडीत तो पहिल्या दहात आहे, महिनाअखेर निकाल लागेपर्यंत राहू द्या, मग खुशाल काढा. ते इतक्या आदराने बोलले की मला नाही म्हणता आलं नाही. आता तुमच्याकडे सगळ्यांनी पाहून झालंच आहे, तर आणखी थोडे दिवस.

येत्या रविवारी येते. दारातून परत पाठवू नका.

अभागी
उज्वला


रोहणा
१० एप्रिल

उज्वला,

तू आलती. माहे पाय धरले, लय रडली. तू काय बोलली ते मले समजलं नाई. निसतं तोंड हालताना दिसलं. चहा प्याली, दुसऱ्यांदा साखर मांगली, गेली.

तू पायावर डोकं ठेवून होती तवा मी धीरजले डोळ्यानं खुणावलं. त्यानं मोबाइलमधी फोटो काढला. तू मान वर केली तवाचा आहे, नाक लाल, तोंड उघडं. तुह्या कॅमेऱ्यासारखा साफ नाई. धीरजनं रंग काढून टाकला, तुह्या ग्रुपात सोताचं नाव घातलं आन् तिथंच टाकला, आमाले सांगा कसा आहे म्हणून. नाव-गाव काई लिहिलं नाई. तिथं तुह्यं तोंड कोणी पाह्यलेलं नाई, तू आजवर स्वताचा टाकलाच नाई.

मतं लय आली. धीरजनं कागदावर उतरवून देल्ली. एकानं लिहिलं, बाई फोटोसाठी रडून राह्यली. एकीनं लिहिलं, खाते-पेते घरची दिसते, हिले काहाचं दुःख. एक म्हणे, नाकाचं पाणी तेवढं खरं वाटते. तुह्या मुकेशसरनं सगळ्यायपेक्षा मोठं लिहिलं. आजीचा चेहरा गोड आहे पण दुखत नाई, पुढच्या वक्ताले खऱ्या दुःखाच्या जवळ जा म्हणे. त्याले मी धीरजच्या हातून धन्यवाद लिहिलं. तू लिहिते तसंच.

नवा फोटो काढाले येऊ नको. गाल बसले, डोळे आत गेले, आता पदर किती ओढला तरी समजते. माह्यासाठी आधार कार्डावरचाच मोठा करतीन. त्याच्यात केसं आहेत.

खिळा रिकामा बरा दिसत नवता. धीरजनं आर्वीहून तुह्या फोटोले काच-फ्रेम करून आणली. ह्यायनं लावला. पोपडा नाई निघाला. बाबारावचा चंदनाचा हार ओट्यावरच राह्यला होता, तोही घातला. चंदनाचा हार सुकत नाई, बरं असते. आल्यागेल्यानं इचारलं त सांगते, माही लहान जाऊ. लय मायाळू होती.

लोभ होता.

मंदा