मागचा उजवा स्पीकर

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. विजयवाड्याहून निघताना बायको म्हणाली होती, भीमवरमकडच्या राजूंच्या घरी कामाला गेलेल्या माणसाच्या शर्टाची बटणं परतताना लागत नाहीत. खरंच आहे. दुपारी आलो तो थेट पानावरच बसवला. गोंगुऱ्याची चटणी, कोळंबीचा रस्सा, कोळंबीचंच लोणचं, शेवटी दहीभात. नको म्हटलं की सुब्बराजूगारू स्वतः वाढायला उठतात. नजर पोचत नाही इतकी कोळंबीची तळी या माणसाची, आणि माझ्यासारख्या स्पीकर बसवणाऱ्याला अहो-जाहो करतो. म्हणाले, फणीबाबू, हे घर तुमचंच समजा, लाजाल तर आम्हाला वाईट वाटेल. इकडचे राजू शिवी दिली तरी शेवटी ‘गारू’ लावतील.

काम मनासारखं आहे. वरच्या मजल्यावर एक अख्खी खोली नुसती सिनेमासाठी. सात स्पीकर, दोन वूफर, लोळता येईल अशा खुर्च्या. सोळा तारखेला सकाळी मुहूर्त, त्या दिवशी सगळं गणगोत पहिला खेळ बघणार. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या धंद्यात भिंतीला तोंड द्यावं लागतं. ते मला चांगलं जमतं. दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

५ फेब्रुवारी

पडदा पूर्वेच्या भिंतीवर. हे मी नाही, वास्तू बघणाऱ्या सिद्धांतींनी ठरवलं. त्यांच्या शब्दावर या घरानं दोनदा जिना हलवलाय नि एकदा देवघर. मला हसू येतं, पण पूर्व माझ्याही सोयीची होती, म्हणून मान डोलावली.

पुढचे तीन स्पीकर लागले. बाजूचे दोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत, वीतभर वर. मागचे दोन पाठीमागच्या भिंतीवर, आणि तिथंच घोडं अडलं. मागचा उजवा येतो बरोबर नैऋत्येच्या कोपऱ्यात. राजूगारू म्हणाले, बाबू, त्या भिंतीला भोक नको, स्टँडवर ठेवा. मी सांगितलं की स्टँड ठेवला तर आवाज खुर्चीच्या पाठीतच अडकेल, मागून कुणी चालत आल्याचा भास व्हायला हवा तो होणार नाही. त्यांनी हसून हात जोडले. तुमची विद्या मोठी, म्हणाले, पण भोक नको. हात जोडणाऱ्याशी भांडायचं कसं?

६ फेब्रुवारी

कॉफी घेऊन आप्पायम्मा येते. घरातला स्वैपाक, झाडलोट सगळं तिच्याकडे. साठीची असेल, पण जिना माझ्याहून चटकन चढते. आज कप ठेवून उभीच राहिली. मी काय काम करतो विचारलं. आवाजाचं, म्हटलं. मग म्हणाली, म्हणजे तुम्ही आवाजाचे डॉक्टर! मग माझ्या लोवाचा आवाज आणून द्या की कुवेतहून. लोवा तिची एकुलती मुलगी. दोन वर्षांपूर्वी एका एजंटामार्फत घरकामाला कुवेतला गेली. इकडच्या गल्लीगल्लीतून बाया जातात, नवल काही नाही. पण या पोरीचा एक फोन नाही. पैसे येतात ते राजूगारूंच्या हाती, ते दर महिन्याला आणून देतात. म्हातारी म्हणते, पैशाला काय करू, ‘अम्मा’ म्हणून एकदा हाक मारली असती तर पोट भरलं असतं.

मी बायकोला, सुजाताला, फोन करून सांगितलं. तिनं तिच्या कुवेतच्या मावसबहिणीकडे चौकशी करायचं कबूल केलंय.

७ फेब्रुवारी

राजूगारू सकाळी तळ्यांवर गेले, नि मी ड्रिल उचललं. स्पीकर लागल्यावर ब्रॅकेटमागचं भोक कुणाच्या बापाला दिसणार आहे?

ड्रिल एक वीट कापून एकदम मुठीपर्यंत आत गेलं, मी भिंतीवर आपटलो. मागं पोकळ! भोकातून कोंदट, गार हवा तोंडावर आली. खाली जाऊन गल्लीतून बघितलं, तर घर बाहेरून जितकं लांब आहे तितकी खोली आतून नाही. नैऋत्येचा कोपरा बाहेर वाढलेला वास्तूला चालत नाही म्हणून मध्ये भिंत घालून तेवढी पट्टी घराबाहेर काढलेली दिसते. आमच्या मामानं तर असा कोपरा संडासासकट कापला होता, नि मामी वर्षभर शेजाऱ्यांकडे जायची.

ब्रॅकेट चांगल्या विटेत बसवला. मागचा उजवा लागला.

९ फेब्रुवारी

आज जुळवणी. मधल्या खुर्चीवर कानाच्या उंचीला मायक्रोफोन ठेवायचा, आपण बाहेर जायचं, दार लावायचं. यंत्र एकेका स्पीकरमधून शिट्टी सोडतं आणि तो किती लांब आहे ते सांगतं. सहा स्पीकर फीतपट्टीशी तंतोतंत जुळले. मागचा उजवा मात्र यंत्राला भिंतीच्या पलीकडे दिसतो. पुन्हा केलं, आणखी लांब. वायर बदलली, स्पीकरांची अदलाबदल केली. स्पीकर कुठलाही लावा, त्या जागेवरचा भिंतीच्या आतच.

नंतर सगळं बंद न करता नुसता बसून राहिलो. सहा स्पीकर गप्प. सातव्यातून अगदी बारीक ढोल वाजत होता. सनईही. लग्नात मंगळसूत्र बांधताना घाईघाईनं वाजवतात तसं. गल्लीत वरात असेल म्हणून खिडकी उघडली. रस्त्यावर एक बैल होता.

१० फेब्रुवारी

वायर काढून ठेवली. दोन्ही टोकं माझ्या हातात होती, उघडी. तरी वाजतंय.

हा तारेत शिरलेला रेडिओ नाही. वायर नसताना स्पीकर बोलत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

आता ढोलाच्या खाली दुसरंही काही आहे. ठोके. ढोलाच्या तालात नाहीत. कुणी तरी दार वाजवावं तसे.

सुजाताचा फोन आला. त्या एजंटाच्या यादीत लोवा नावाची बाई कधी नव्हतीच. म्हातारीला काय सांगू?

११ फेब्रुवारी

दाढी करायला बाजारात गेलो. न्हावी वीरबाबू, हाच गावातल्या लग्नांत ढोलही वाजवतो. राजूगारूंकडे काम करतो म्हटल्यावर तोंडाचा पट्टा सुटला. म्हणाला, देवमाणूस, पण त्या घरच्या मेळमनं, ढोल-सनईनं, माझे हात सुजवले. दोन वर्षांपूर्वी वैशाखात वरच्या मजल्यावर भिंत बंद करायची होती, मुहूर्त साधून. शेवटची वीट लागली की गट्टीमेळम वाजवायचं, शिंक, रडणं, असलं अशुभ काही कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. मंगळसूत्राची गाठ बसेपर्यंत वाजतं ते, हे तर लेकरालाही ठाऊक. राजूगारूंनी दिवस मावळेपर्यंत वाजवायला लावलं. थांबलो की म्हणायचे, वाजवा बाबू, वाजवा, जरा मोठ्यानं. सनईवाल्याच्या ओठातून रक्त आलं! सिद्धांती म्हणाले होते म्हणे, आज ही भिंत फुटली तर घरचा कर्ता माणूस जाईल. वीरबाबू हसत होता. अर्धी दाढी तशीच ठेवून मी उठलो.

परत येऊन आप्पायम्माला विचारलं, लोवा जाण्याआधी काय करायची. म्हणाली, इथंच तर होती गवंड्याच्या हाताखाली, सिमेंटची घमेली वाहायची, आतून गिलावा करायची. मुहूर्ताच्याच दिवशी एजंटाची गाडी आली, तशीच बसून गेली. आईला भेटायलाही सवड झाली नाही पोरीला.

मुहूर्त टळत असताना माणसं कोण मोजतो. ती आत राहिली. आणि आतून हाका मारायला लागल्यावर या माणसानं ढोल वाजवायला लावले.

१२ फेब्रुवारी

आज शब्द कळला. ‘अम्मा.’

दुपारी आप्पायम्मा कप न्यायला आली. मी आवाज झाकायला पुढचे स्पीकर लावणार होतो, हात पोचायच्या आत तिनं ऐकलं. ती ओरडली नाही, रडली नाही. त्या स्पीकरपाशी गेली, जाळीवर गाल टेकला आणि पोरीला ओरडतात तशा सुरात म्हणाली, इथं आहेस होय, आणि मी दर्याकडे बघत बसले.

मग तिनं माझे पाय धरले. बाबू, भिंत फोडा. माझ्या आईच्या वयाची बाई. मी वचन दिलं. परवा राजूगारू दिवसभर काकिनाड्याला आहेत.

१४ फेब्रुवारी

मागच्या भिंतीवरची, आवाज शोषणारी फोमची पाटी काढली. विटा काढल्या, माणूस वाकून जाईल इतकं भोक. टॉर्च मारला.

समोरच्या गिलाव्यावर बोटांच्या चरी. ओल्या सिमेंटात ओढलेल्या, आता दगड झालेल्या. खालपासून हात पोचेल तिथपर्यंत, सगळ्या भिंतीभर. पालथं घमेलं. त्याला टेकून लुगडं. लुगड्यात—

लिहवत नाही.

आप्पायम्माला वर येऊ दिलं नाही. आधी पोलीस येऊ देत, मग बघ, म्हटलं. चुकलो. तिला तिच्या लेकीपाशी बसू द्यायला हवं होतं.

ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला, दोन मिनिटं बसा म्हणाले, आतल्या खोलीत जाऊन फोन केला. दोन मिनिटांचे दोन तास झाले. बाहेर आलो तर दारात राजूगारूंची गाडी. स्वतः आले होते. उन्हात कशाला चालत आलात फणीबाबू, म्हणाले. मागं त्यांची दोन माणसं बसली होती. फोन माझ्या खिशातून काढून घेताना देखील ‘माफ करा हं’ म्हणाले.

१५ फेब्रुवारी

सिनेमाच्या खोलीत ठेवलंय. बाहेरून कडी. जेवण येतं, गरम, चार भाज्या.

भोकावर लोखंडी पत्रा मारलाय. बोल्ट माझ्याच पेटीतले. डोकी ठोकून सपाट केलीत. पेटी नेली.

आप्पायम्मा दिसत नाही. जेवण दुसरीच बाई आणते, मान वर करत नाही.

राजूगारू आले होते. खुर्चीत बसले, खुर्ची छान आहे म्हणाले. सिद्धांतींचं म्हणणं, नैऋत्य पोकळ ठेवली हीच चूक, नैऋत्य जड हवी. उद्या मुहूर्ताला गच्चीवरून काँक्रीट ओततील, कोपरा भरून टाकतील. म्हणजे तळ्यांत कोळंबीला लागलेला रोगही जाईल. मी विचारलं, आप्पायम्मा कुठं आहे. ते म्हणाले, काल तुम्ही बाहेर गेल्यावर ती गेली की. कुवेतला. लेकीकडे.

दाराशी थांबून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, फणीबाबू, तुमचा पासपोर्ट आहे का?

१६ फेब्रुवारी

पत्र्याच्या आतून ठोके. स्पीकरमधून नव्हेत. खरे. खालून, गुडघ्याच्या उंचीवरून. मी ठोकलं की उत्तर येतं. जिवंत आहे. आप्पायम्मा जिवंत आहे!

ब्रॅकेट उपटला, त्यानं विटा खरवडतोय. दोन निघाल्या. नखं गेली. दम खायला बसलोय, लिहितोय. सुजाता, ही वही तुझ्या हाती पडली तर—

गच्चीवर पावलं. फावडी. मिक्सर सुरू झाला.

ओरडलो. अॅम्प्लिफायर पूर्ण मोठा केला, मायक्रोफोनमध्ये ओरडलो, आत बाई आहे, थांबा, आत बाई आहे. खाली अंगणात शे-दोनशे माणसं जमलीत, कुणीतरी ऐकेल, एक तरी—

ढोल सुरू झाला. सनई. गट्टीमेळम. वीरबाबू जीव खाऊन वाजवतोय.

पत्र्यामागं काहीतरी धबाधबा पडतंय. ठोके जोरात. मी तिसरी वीट—

ठोके थांबले.

मेळम थांबत नाही. माझंच ओरडणं मला ऐकू येत नाही.

दाराची कडी काढतायत. दोघं आहेत, तिघं. मुहूर्त अजून आहे म्हणतायत.

वायर नसलेला स्पीकर जमिनीवर पडलाय. त्यातून बोलतायत. आता दोघी. एक लेकीचा आवाज, एक आईचा. घाबरलेल्या नाहीत. जेवायला बोलवावं तशा बोलवतायत. बाबू, ये, इकडे ये, इकडे मेळम ऐकू येत ना—