आईची घागर

पाटोदा,
२६ एप्रिल १९८७

प्रिय मुक्ता,

आज रविवार. सकाळी भट्टी पेटवली. रामकिसनची चेपलेली पितळी परात सरळ केली, मग देवळातली वाकलेली समई. नळाला पाणी नाही. भाकरी केली, जेवलो.

रामकिसन घाई करत होता. "आप्पा, एवढं तापवता कावून? हाणा की दोन घाव!" थंड पितळेवर घाव घातला तर ते तडकतं, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. मंद लाल होईपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं, मग लाकडी हातोडीनं कडेकडेनं आत यायचं. जिथं सगळ्यात खोल चेपलंय, तिथं शेवटी हात लावायचा.

जाताना त्यानं दारावर टांगलेल्या तुझ्या आईच्या तांब्याच्या घागरीकडं बघितलं. बाजाराच्या दिवशी सगळेच बघतात. कोणी हसून म्हणतं, "तांबटाच्याच घरची घागर वाकडी हाय की!" मी एवढंच सांगतो, सोसायटीच्या पाण्याच्या ट्रॅक्टरखाली आली. मग कोणी हसत नाही.

तू बाळंतपणात होतीस, म्हणून तुला सगळं कोणी सांगितलं नाही. सोसायटीचा ट्रॅक्टर पाण्याची टाकी घेऊन यायचा, तो आधी चेअरमन अर्जुनरावांच्या मोसंबीत रिकामा व्हायचा, उरलेलं वेशीत यायचं. त्या दिवशी पाणी संपत आलं तशी बायका पुढं सरकल्या. अर्जुनराव ड्रायव्हरला ओरडले, "घे बे मागं, न्हाईतर टाकीवर चढतील ह्या!" तुझी आई मागच्या बाजूला होती. पंचनाम्यात लिहिलं, उन्हानं चक्कर येऊन पडली आणि दगावली. घागरीचा उल्लेखच नाही. त्या घागरीवर टायरचे वळ उमटलेत. तांबं मऊ असतं, जे दाबलं ते धरून ठेवतं.

चेअरमनचा माणूस नवी घागर घेऊन आला होता. मी ती त्याच्यासमोर ओट्याखाली ठेवून दिली. भांडलो नाही. मला भांडता येत नाही. पण अर्जुनराव आता बाजारातून जाताना माझ्या दुकानापाशी मान वळवतात, आणि लोक त्यांची वळलेली मान बघतात. मला बरं वाटतं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटतं.

परवा तू धर्मराज व्याह्यांबरोबर आलीस आणि म्हणालीस, आखितीला पितरांसोबत आईच्या नावानं पाणी भरायचंय, ती घागर सरळ करून द्या. तू बोलताना व्याही दाराकडं बघत होते आणि तू खाली. सोसायटीची निवडणूक याच आठवड्यात आहे आणि व्याही अर्जुनरावांच्या पॅनलमध्ये आहेत. तुला सासरी राहायचंय, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता लिहून कळवतो. मी ती घागर एका तासात सरळ करू शकतो, वळाची खूणही राहणार नाही. म्हणूनच करणार नाही. आखितीला आईच्या नावानं मी इथंच पाणी भरीन. घागरीत आता अर्धंच मावतं, तेवढंच भरीन. व्याह्यांना म्हणावं, आप्पा ऐकत नाहीत. दोष माझ्यावर ठेव. हे पत्र त्यांनी वाचलं तरी चालेल.

उद्या बाजार. घागर खाली काढली आहे. चिंच लावून धुवायला पाणी नाही, म्हणून कोरड्या राखेनं घासत बसतो. लख्ख असली की वळ लांबून दिसतात.

तुझाच,
आप्पा