पाच नंबरचा आतला पत्ता

२० नोव्हें. २००६, सोम.
धानकापणी चालू, कॅफे ओस. पाच कॉम्प्युटर नि माशा मारत मी. दुपारी हवालदार आला, हातात चिठ्ठी. त्यावर आयपी नंबर, १९२.१६८.०.५. "हा तुमच्या इथलाच ना बाई?" मी हो म्हटलं. पाचव्या मशीनचा आहे. म्हणे गडचिरोलीकडच्या बांबू ठेकेदाराला मेल गेलीय, जंगलातल्या दादांच्या, नक्षल्यांच्या नावानं. गाव सोड, नाहीतर जीव जाईल. त्यानं विचारलं, पाचवर कोण बसतं? विलासभाऊ बसतात, मच्छीमार सोसायटीचे, तलावांचे अर्ज टाइप करायला. संध्याकाळी त्यांना उचललं. माझ्या एका 'हो'वर.

२१, मंगळ.
सुटी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. अगं मूर्ख, तो आतला नंबर! कॅफेच्या आतच चालतो. वडसा असो की नागपूर, कितीतरी कॅफेंत हाच पाच असणार. बाहेर इंटरनेटवर आमच्या पाचही मशीनचा मिळून एकच नंबर दिसतो, कंपनीनं दिलेला. तो त्या वेळी दुसऱ्या कोणाचा नसतो.
यांना म्हटलं, ठाण्यात जाऊन समजावते. "तू काऊन पडून राह्यली त्याच्यात?" मग हळूच, "पाचचा नंबर बदलून टाकू का?" म्हणजे आणखी संशय. नवरा मिळाला तोही घाबरट.

२३, गुरु.
गेलेच. व्हरांड्यात विलासभाऊंची बायको. "माह्या माणसाले लय मारलं बाई." तिच्याकडे पाहवेना.
फौजदार नवा, पण ऐकून घेणारा. म्हटलं, साहेब, दर घरी एक बापू असतो. घरात हाक मारली की बरोबर तोच येतो. चौकात "बापू" ओरडा, दहा माना वळतील. तुमच्या चिठ्ठीवर नुसता बापू आहे. मेलमध्ये बाहेरचाही नंबर असेल, तो काढा. त्या वेळी कोणाकडे होता, कंपनीला विचारा. लिहून घेतलं त्यानं. कॉम्प्युटर कोर्सचे पैसे वसूल, असं वाटलं येताना.
यांना सगळं सांगितलं. ताटावरून उठून गेले.

२६, रवि.
विलासभाऊ अजून आतच. हे बोलत नाहीत. विचारलं तर "डोकं दुखते".

२९, बुध.
फौजदार स्वतः आला. बाहेरचा नंबर आमचाच निघाला. मग त्यानं तारीख सांगितली, चौदा. कॅलेंडर पाहिलं, मंगळवार. जीव भांड्यात पडला. म्हटलं, "साहेब, मंगळवारी बंद असतं आमचं. विलासभाऊ बसतील कुठून?" त्यानं मान हलवली. "मग सुटले ते. कुलपाची चाबी कोणापाशी असते बाई?"
चाबी घरात असते. मंगळवारी हे एकटे जातात, मशीन पुसायला. त्याच ठेकेदाराकडे हे मुन्शी होते. चोर म्हणून चारचौघांत हाकललं होतं त्यानं. मला कसं सुचलं नाही? बाहेरचा नंबर मागा, हे मीच शिकवून आले.
"पाहून सांगते," म्हटलं. उद्या सकाळी ठाण्यात बोलावलंय.
आत्ता सासूबाईंनी हाक मारली, "बापू, जेवाले ये." हे अंगणात बसलेत, अंधारात. ओ दिली नाही. चौकात दहा असतील. आमच्या घरात एकच आहे.