ओदीला उत्तर

११ मे
आले बाई एकदाची कुवेतला. विमानात खिडकीची जागा मिळाली, पण खाली बघायला काही नव्हतं. नुसती वाळू, पापड वाळत घालायला झकास. मुलगा देवेंद्र इथं एका कंपनीत हिशेब बघतो, सून ज्ञानदा इथल्याच जाब्रिया भागातल्या दवाखान्यात नर्स आहे. मला अक्षर येत नाही, म्हणून देवेंद्रनं फोनमध्ये सोय करून दिली. बटण दाबून बोललं की मराठीत उमटतं, तारीखही फोनच घालतो. फक्त त्याला माणूस ओळखता येत नाही, कुणीही बोललं तरी लिहितो. मघाशी स्वयंपाकघरातलं ज्ञानदाचं बोलणंही यात घुसलं, ते देवेंद्रनं भोळेपणानं वाचून दाखवलं. आई किती दिवस राहणार आहेत, असं विचारत होती. फोन गुणाचा आहे, कुणाची भीड ठेवत नाही.

१४ मे
नातीचं नाव पूर्वी, सहा वर्षांची आहे. आईबापाशी इंग्रजी बोलते, तिला सांभाळणाऱ्या ब्वाल्याशी बेंबा. ब्वाल्या झांबियाची, बेंबा ही तिची घरची भाषा. माझ्या वाट्याला काहीच उरलं नाही. मला आजी म्हण म्हटलं तर पोरगी अशी बघते, जशी मी दारात आलेली बोहारीण. मग मी ठरवलं, बेंबा शिकायची. इंग्रजी शिकायला गेले तर सून चुका काढणार, बेंबात ती माझ्याइतकीच अडाणी. ब्वाल्याला मोडकं हिंदी येतं. शिकवते, पण तोंड वाकडं करून.

१९ मे
बेंबात आजीला बामामा म्हणतात. सकाळी भेटलं की म्वाशिबुकेनी. मोठ्यांना काही देताना गुडघा टेकून, दोन्ही हातांनी द्यायचं. माझा गुडघा टेकला की उचलायला दोघी लागतात, म्हणून मला माफ आहे. मक्याच्या पिठाचा उब्वाली करतात, आपल्या घाट्याचा थोरला भाऊ. हात धुऊन, उजव्या हातानं गोळा वळून खायचा.
सगळ्यात आवडली ती ओदी. त्यांच्यात दारावर थाप मारत नाहीत. बाहेर उभं राहून ओदी म्हणायचं. आतल्यानं इंगिलेनी मुक्वाई, म्हणजे या आत, असं म्हटलं तरच पाऊल टाकायचं. नाही म्हटलं तर उभं राहायचं. इथं माझी सून न विचारता माझ्या खोलीत येते आणि दिवा मालवून जाते.

२६ मे
ब्वाल्याची आई वारली. चिलेशे तिचं नाव. ब्वाल्या एकुलती एक लेक. त्यांच्यात माणूस गेलं की घरातल्या कुणीतरी त्याचं नाव घ्यायचं. सगळ्यांसमोर पाणी प्यायला देतात, की झालं, तो माणूस गेलेल्याच्या जागी बसला. लहान पोरीनं घेतलं तरी तिला सगळे आई म्हणणार, तिच्यापुढं गुडघे टेकणार. कुणी घेतलं नाही तर जीव दारोदार फिरतो. आपल्याकडं पिंडाला कावळा शिवला नाही तर जीव अडकतो, तसंच.
नाव घ्यायला ब्वाल्याला गावी जायचंय, पण तिचा पासपोर्ट देवेंद्रच्या कपाटात. तो म्हणाला, सुट्टीत बघू. मी म्हटलं, मरण काय तुझी सुट्टी बघून येतं? ज्ञानदा म्हणाली, मग पूर्वीला कोण बघणार, तुम्ही?
आत्ता घरात मी एकटीच आहे, म्हणून निवांत सांगतेय.
ओदी.
वारा सुटलाय. बाहेर नुसती धूळ.

२ जून
भर दुपारी दाराबाहेरून कुणीतरी ओदी म्हणालं. मला कोण कौतुक, शिकलेलं कामाला आलं. खणखणीत आवाजात म्हटलं, इंगिलेनी मुक्वाई. दार उघडलं तर जिन्यात कुणी नाही.
ब्वाल्याच्या हातातलं ताट पडलं. म्हणाली, हाक तिलाही रोज येते. आईचा आवाज आहे. आई दमलेली आहे, तिला मुक्कामाला माणूस हवंय. म्हणून ब्वाल्या तोंडात फडकं कोंबून गप्प बसत होती. मग म्हणाली, तुम्ही बोलावलंत.
पूर्वी झोपेतून उठून बाहेर आली होती.

५ जून
पूर्वी जमिनीवर पाय पसरून बसते. नूडल्स खात नाही, उब्वाली मागते. आज ब्वाल्यानं तिच्यापुढं गुडघे टेकले, हात जुळवून टाळ्या वाजवल्या, मायो म्हणाली. मायो म्हणजे आई. ब्वाल्या रडत होती. पूर्वीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हाताऱ्या बाईसारखा.
मला हसू आलं नाही.

७ जून
डॉक्टर म्हणतात, काही नाही. ज्ञानदा म्हणते, हे थेर तुम्हीच शिकवलेत. माझ्याशी बोलत नाही.
देवेंद्रच्या कपाटातून पासपोर्ट काढून ब्वाल्याला दिला. तिनं परत ठेवला. म्हणाली, आता गावी जाऊन काय करू, आई तर इथं बसलीय. मी नाव घेते म्हटलं तर आई माझ्याकडं बघत नाही — आत या म्हणणारीकडं, तुमच्याकडंच बघते.

९ जून
पूर्वीला तिचं नाव सांगितलं — ओळखत नाही. ज्ञानदाकडं बघते, परक्या बाईकडं बघावं तशी. ज्ञानदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून — पहिल्यांदाच —
आई, काहीतरी करा.
हे कुणी म्हटलं ते फोनला कळायचं नाही. मी सांगते. सुनेनं म्हटलं.

१० जून
ब्वाल्यानं तांब्या आणलाय. दोन्ही हातांनी धरलाय. पाणी मी प्यायले, चिलेशेचं नाव मी घेतलं, तर पोर सुटेल म्हणते. मला काय, पिकलं पान — पण आधी हे लिहून घे रे फोना. माझं नाव नर्मदा. परभणीची नर्मदा. मला वाचता येत नाही. उद्या कुणीतरी वाचून दाखवा मला —
प्यायले. गार आहे.
पूर्वी, इकडं बघ बाळा —
आजी?
मराठीत बोलली. ज्ञानदा, ऐकलंस, मला आजी म्ह —
पोरीला आत ने. दार लाव. नंतर मी दाराशी आले, काही म्हटलं — तर उत्तर देऊ नकोस. काही झालं तरी —
माझं नाव नर्मदा. माझं नाव — थांब, आत्ता तर — माझं नाव चि